न लिहिलेला कोयता

"झालं काय त्ये सांग. वाटलं काय त्ये मागनं."

हे वाक्य कानावर पडायच्या आत डोक्यावरची टोपी गेलेली असायची. जमादार ती उचलत, स्वतःच्या मांडीखाली सारत आणि उत्तराची वाट बघत तंबाखू मळत बसत. ठाण्यात आलेल्या प्रत्येक नव्या शिपायाचं स्वागत हे असं व्हायचं. मीही पहिल्या दिवशी बोडक्या डोक्यानं उभा होतो.

"माझी चेष्टा केली," मी म्हणालो.

"त्ये तुला वाटलं. झालं काय?"

"टोपी गेली."

"इचारून न्हेली?"

"नाही."

"मंग चोरी. आता असं समज, मला ती तुला परत द्यायचीच हाय. निस्ती गंमत केली. मंग चोरी का?"

जमादारांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जा, जेवून ये. उद्या सांग." दुसऱ्या दिवशी मला सांगता आलं नाही, तिसऱ्या दिवशी आलं. मनात लबाडी नसेल तर ती चोरी नाही, हे मी आयुष्यात कधी विसरलो नाही. ज्याची टोपी गेलेली असते तो विसरत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मुळशी पेट्यातल्या त्या ठाण्याचं नाव मी सांगणार नाही. ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्यातल्या काहींची नातवंडं आज त्याच रस्त्यानं ये-जा करतात. जमादारांचं नावही सांगत नाही, पण त्याचं कारण वेगळं. ठाण्यात त्यांना कुणी नावानं हाकच मारत नसे. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याचं नाव त्याच्या हुद्द्यानं केव्हाच खाऊन टाकलेलं असतं.

आम्ही चार नवे शिपाई होतो. प्रशिक्षण केंद्रात आमच्याकडून कलमं पाठ करून घेतली होती. आम्ही ती पाढ्यांसारखी म्हणायचो आणि पाढ्यांसारखीच मध्ये कुठे विचारलं की अडायचो. जमादारांनी पुस्तक बंद करायला लावलं. ठाण्यामागं एक करंजाचं झाड होतं, त्याखाली आमचा वर्ग भरे. तिथं गुन्हे वाचत नसत, करत असत.

एकानं दुसऱ्याचा पंचा गुपचूप ओढला की चोरी. मूठ उगारून ओढला की जबरी चोरी. "दे, न्हाईतर तुझ्या गंजीला आग लावीन," असं म्हटल्यावर दुसऱ्यानं घाबरून आपल्या हातानं दिला की ती खंडणी. पंचा सांभाळायला दिला आणि घेणाऱ्यानं परस्पर विकला की विश्वासघात. सगळे गुन्हे एकाच पंच्यावर झाले. तो बिचारा महिन्याभरात विरला.

दरोड्याच्या दिवशी पंचाईत झाली. जबरी चोरी करणारे पाच किंवा जास्त असले तर दरोडा होतो, आणि आम्ही होतो चार. तेवढ्यात टपाल घेऊन पोस्टमन आला. जमादार म्हणाले, "या या. दरोड्याला एक माणूस कमी पडतुया." पोस्टमन पिशवी छातीशी धरून मागं सरकला. आम्ही चौघांनी जमादारांना धाक दाखवून पंचा काढून घेतला. पोस्टमन नुसता बघत राहिला.

"झालं काय?" जमादारांनी विचारलं.

"दरोडा," आम्ही चौघं एका सुरात म्हणालो.

"ह्यानं पंच्याला हात लावला? धाक दावला? मदत केली? निस्ता हुबा ऱ्हायला म्हणून गड्याला जन्माची वाट लावता व्हय रं? तुमी चार. जबरी चोरी. आन् पोस्टमन, तुमी साक्षीदार. बसा, च्या घ्या."

माणूस चांगला होता, पण गोड नव्हता. आपल्याला कायदा येतो याचा त्यांना भारी तोरा होता. शिकवताना पंच्याच्या टोकानं आमच्या पोटऱ्यांवर फटके मारत. गावात लग्नाला गेले तर तिथंही सोडत नसत. भरे गावच्या एका लग्नात नवरीचा भाऊ कानपिळीला उठला आणि त्यानं नवऱ्याचा कान असा पिरगाळला की नवरा कळवळला. जमादारांनी भर मांडवात मला विचारलं, "दुखापत झाली का?" मी म्हणालो, झाली. "गुन्हा झाला का?" मी म्हणालो, नाही. "का न्हाई?" मी म्हणालो, नवऱ्यानं कान स्वतःहून पुढं केला, त्याची संमती होती. नवरीच्या बापानं आम्हा दोघांकडे असं बघितलं की पुढचा लाडू मला गिळवेना.

त्यांच्या बायकोनं हे सगळं ऐकून ऐकून पचवलं होतं. भाजीत मीठ कमी आहे असं जमादार म्हणाले की त्या तव्यावरून नजर न काढता म्हणत, "अदखलपात्र." म्हणजे ज्यात पोलिसांना आपण होऊन हात घालता येत नाही तो गुन्हा. घरात जमादारांच्या सगळ्याच तक्रारी त्या सदरात जात.

खऱ्या अदखलपात्र तक्रारींचं मात्र ते वेगळं करत. एकदा एक बाई रडत आली. शेजारी रोज दारात येऊन घाणेरड्या शिव्या देतो म्हणाली. निव्वळ शिवीगाळीत आम्हाला अटक करता येत नव्हती. जमादारांनी तिला तसं सांगितलं, कोर्टात जायची वाट दाखवली, आणि दुसऱ्या सकाळी स्वतः त्या शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसले. तो घाबरून म्हणाला, "चौकशी हाय का?" जमादार म्हणाले, "न्हाई. च्या पितोय." चार-पाच सकाळी ते तिथं चहा पीत बसले. शेजारी आधी शिव्या विसरला आणि मग चहा द्यायचाही कंटाळला.

आमच्यातल्या एकानं एकदा पकडून आणलेल्या माणसाच्या थोबाडीत मारली. जमादारांनी त्या माणसाला खुर्ची दिली आणि आमच्या गड्याला त्याच्या जागी उभं केलं. "आता तू आरोपी. सांग, काय केलंस? कुटल्या कलमात बसतंय?" गडी तासभर उभा होता. खुर्चीतला माणूस बिचारा त्याच्यापेक्षा जास्त घामाघूम झाला होता.

असं काटेकोर वागायला ते कुठून शिकले हे त्यांनीच मला एकदा सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला नांदे गावच्या एका शेतकऱ्याला त्यांनी बैलचोर म्हणून बेड्या घालून गावातून चालवत आणला होता. फिर्याद त्याच्या भावाची होती. कोर्टात निघालं की भावांच्या वाटण्याच झालेल्या नव्हत्या, बैल दोघांचा होता. शेतकरी सुटला, पण त्या वरातीनंतर त्यानं गावात मान वर केली नाही. "भावानं सांगितलं, मला खरं वाटलं," जमादार म्हणाले. "झालं काय हुतं, त्ये म्या इचारलंच न्हाई." हे सांगताना त्यांचा आवाज उतरला होता. त्यांना उतरल्या आवाजात बोलताना मी तेवढंच ऐकलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

खोऱ्यात कोळशाच्या भट्ट्या लावणारा एक ठेकेदार होता. माणूस बाहेरचा, पुण्यात वरपर्यंत ओळखी असलेला. एका गावाशी त्याचं बिनसलं होतं. गावाच्या देवराईत जुनी झाडं होती आणि ठेकेदाराचा त्यावर डोळा होता. गावानं कुऱ्हाड लावू दिली नाही. बायाबापड्यासुद्धा झाडांना पाठ लावून उभ्या राहिल्या. ठेकेदार त्या दिवशी परत गेला, पण विसरला नाही.

मग होळी आली. आमच्याकडे होळीला लाकडं मागून आणतात आणि कुणी दिली नाहीत तर पळवतात. पळवताना मालकानं शिव्या घालायच्या, पोरांनी बोंब मारायची, ही रीत आहे. शिव्या न घालणाऱ्या मालकाचा पोरांना राग येतो. त्या गावच्या सात तरण्या गड्यांनी भट्टीजवळच्या ठेकेदाराच्या थप्पीतली लाकडं उचलली. राखणदार म्हातारा होता. त्यानं रीतीप्रमाणे सात जणांचे बाप काढले, त्यांनी रीतीप्रमाणे बोंब मारली, आणि संध्याकाळी गावची होळी चांगली उंच झाली.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार जीप घेऊन ठाण्यात हजर. जमादार मला घेऊन गावात गेले. थप्पी पाहिली, पंच बोलावले, पंचनामा केला. मुद्देमाल म्हणून होळीच्या जागी राख होती. जमादारांनी ती चिमूटभर कपाळाला लावली आणि मला म्हणाले, "बाकीची ऱ्हाऊ दे." मग म्हाताऱ्या राखणदाराचा जबाब घेतला. मी शेजारीच बसलो होतो.

"मारलं का तुमाला?"

"न्हाई बा. माजीच पोरं म्हणायची ती."

"हातात काय हुतं?"

"लाकडं."

"त्याआधी?"

"काय न्हाई. मोकळेच आल्ते."

जबाब तसाच लिहिला गेला. आमच्या हिशेबानं साधी चोरी, आणि कोर्टानं रीत लक्षात घेतली तर तीसुद्धा नाही. गावचे लोक हसत होते. सात जणांतल्या एकाचं लग्न ठरलं होतं. त्याचा बाप म्हणाला, "दंड झाला तर भरू." दंडापलीकडे काही असेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

आमच्या फौजदारांच्या मनात ते ठेकेदारानं घातलं. फौजदार पुण्याचे, पदवीधर, कायद्यात पक्के. माणूस लाचखाऊ नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण पुण्याहून वरून निरोप आला होता आणि त्यांना त्या निरोपाची भीती वाटत होती. त्यांनी जमादारांना खोलीत बोलावलं. आम्ही चौघं तिथंच कोपऱ्यात कागद लावत होतो. आम्हाला बाहेर जा म्हणायचं त्यांना सुचलं नाही.

"जमादार, हा जबाब पुन्हा लिहावा लागेल. राखणदाराला कोयता दाखवला होता, ते राहिलं आहे."

"त्यो तसं म्हणाला न्हाई, साहेब."

"आता म्हणतो आहे. ठेकेदार त्याला घेऊन येतोय. एक शब्द तर घालायचा आहे."

त्या एका शब्दानं काय होणार होतं ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. माणसं सात होती. कोयता आला की धाक आला, आणि धाक आला की दरोडा. मग दंडाचं नाव नाही, जामिनाची आशा नाही, वर्षानुवर्षं येरवडा. सात घरांतले नांगर धरणारे हात गेले की देवराईपुढे उभं राहायला गावात कोण उरणार होतं?

"साहेब, शब्द एकच हाय," जमादार म्हणाले, "पर त्यो सात घरांत जाऊन बसंल. माझ्या हातानं त्यो ल्ह्यायचा न्हाई."

"मग मी लिहितो. तुम्ही सही करा."

"सही बी न्हाई."

"हा हुकूम आहे."

जमादारांनी माझ्याकडे वळून बघितलं. करंजाखाली बघत तसंच. "बोल रं," ते म्हणाले, "कलम दोनशे अठरा काय म्हणतंय?"

माझी नोकरी कच्ची होती. साहेबांच्या एका शेऱ्यावर मी घरी गेलो असतो आणि घरी माझ्या पगारावर आई जगत होती. पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, ही सवय त्या माणसानं आमच्या हाडात मुरवली होती. मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, "सरकारी नोकरानं कुणाला नुकसान पोचवण्याच्या इराद्यानं नोंद किंवा लेख चुकीचा तयार केला तर..."

"'चुकीचा आहे हे माहीत असून'," फौजदार म्हणाले. "ते राहिलं."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांना कलम येत नव्हतं असं नाहीच, माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. त्यांनी हातातला टाक खाली ठेवला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "जा तुम्ही सगळे."

कोयता लिहिला गेला नाही. चोरीचा गुन्हा नोंदला गेला.

मी तेव्हा बाहेर येऊन करंजाखाली अक्षरशः नाचलो. जमादारांनी माझ्या पाठीत गुद्दा घातला आणि म्हणाले, "नाचू नगंस. आजून लई बाकी हाय."

त्यांचं बरोबर होतं. ठेकेदाराला काहीतरी द्यायलाच हवं होतं, आणि फौजदारांनी जमादारांना दिलं. आज्ञाभंगाचा अहवाल वर गेला. चौकशी लागली. जमादारांनी लेखी माफी मागितली तर प्रकरण मिटेल, असं सांगण्यात आलं. आम्हा चौघांनाच त्यांची समजूत घालायला पाठवलं. दार त्यांच्या बायकोनं उघडलं आणि आमच्याआधी त्याच बोलल्या. "ल्ह्यून द्या म्हणावं माफी. काय झिजतंय? दोन पोरींची लग्नं कशावर करायची?"

जमादार आतून म्हणाले, "माफी कशाची? झालं काय त्ये सांग, मंग ल्हितो."

बाईंना सांगता आलं नाही. त्या आत गेल्या आणि भांडी आपटत राहिल्या. आम्हालाही सांगता आलं नाही. माफी लिहिली गेली नाही आणि तीन फितींचा जमादार एका कागदानं साधा शिपाई झाला. पेट्याबाहेर, घाटाखालच्या एका चौकीवर त्यांची बदली झाली. आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या माणसाचे हुकूम ते तिथं ऐकणार होते. मला त्या दिवशी सरकारचा, ठेकेदाराचा आणि फौजदारांचा इतका संताप आला की मी जेवलो नाही. आजही तो पुरता गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

ठेकेदार थांबला नाही. त्यानं सरळ पुण्याच्या कोर्टात स्वतःची फिर्याद टाकली की दरोडा पडला होता आणि पोलिसांनी तो दाबला. म्हातारा राखणदार साक्षीला उभा राहिला. त्याच्या पोटाची भाकरी ठेकेदाराच्या हातात होती. खाली मान घालून तो म्हणाला, "व्हय, कोयता हुता." समोर उभ्या असलेल्या सात जणांकडे त्यानं एकदाही बघितलं नाही. लग्न ठरलेल्याचं लग्न एव्हाना मोडलं होतं.

मग आरोपींच्या वकिलानं आमच्या जमादारांना साक्षीला बोलावलं.

ते आले तेव्हा कोर्टाच्या व्हरांड्यात मी त्यांना आधी ओळखलंच नाही. वाळले होते. पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी सांगितलं की जबाब मी घेतला, राखणदार तेव्हा माणसं मोकळ्या हातानं आली असं म्हणाला होता, आणि तसंच मी लिहिलं. एवढंच. ठेकेदाराच्या वकिलानं त्यांना खालून वर बघितलं.

"तुम्ही जमादार होता ना?"

"हुतो."

"मग फिती कुठे गेल्या?"

मागच्या बाकावर ठेकेदाराची माणसं हसली. लबाड पोलीस, वरिष्ठांनी खाली उतरवलेला, असं वकिलाला कोर्टाच्या मनात भरवायचं होतं.

जमादारांनी उजवा दंड न्यायाधीशांकडे वळवला. त्यांच्या अंगात तोच जुना सदरा होता. उन्हानं आणि धुण्यानं त्याची खाकी पार विटली होती, पण फितींच्या खालचं कापड कधी ऊन न लागल्यानं गडद राहिलं होतं. फिती त्यांच्या बायकोनं एकेक टाका उसवून काढल्या होत्या. त्या जागी तीन पट्टे लख्ख दिसत होते. चौकीवर नवा सदरा मिळत होता, तो त्यांनी घेतला नव्हता.

"हितं हुत्या, साहेब," जमादार म्हणाले. "कोयता ल्ह्यला असता, तर ऱ्हायल्या असत्या."

हसणं थांबलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि त्या दंडाकडे बघितलं. मग मान खाली घालून ते लिहू लागले. दरोड्याची फिर्याद टिकली नाही. देवराई आजही जागेवर आहे, तुम्ही त्या बाजूला गेलात तर दिसेल.

बाहेर आल्यावर ते सात जण जमादारांच्या पायावर पडायला धावले. जमादार मागं सरले. "पाया कसल्या पडता? लाकडं न्हेलीच हायेत तुमी. त्या चोरीची तारीख आजून लागायचीय. टायमावर या, न्हाईतर मीच धराय यीन." पोरं रडता रडता हसायला लागली. म्हातारा राखणदार लांब भिंतीशी उभा होता. जमादार त्याच्याजवळ गेले, काही न बोलता त्याला चिमूटभर तंबाखू दिली, आणि मग त्यांनी मला विचारलं, "तुझी नोकरी पक्की झाली का?" मी म्हणालो, झाली. ते म्हणाले, "मंग नीट ल्हीत जा," आणि स्टँडकडे निघाले.

गाडी भरलेली होती. त्यांना बसायला जागा मिळाली नाही. वरची दांडी धरून ते माणसांच्या गर्दीत उभे राहिले. पुढं ते त्याच चौकीवर वारले, मला ते उशिरा कळलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या गाडीतच. गाडी हलली तेव्हा त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण दांडी धरलेला उजवा हात सगळ्यांच्या डोक्यांवर होता आणि त्याच्यावरचे ते तीन पट्टे वळणापर्यंत मला दिसत होते.